ब्लॉक घरी कसा शिकायचा? (उडी न मारता!)

मागच्या भागात आपण सर्व्हिसबद्दल बोललो आणि त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज आले ते ब्लॉकबद्दल. त्यातला एकच वाचून दाखवते. मुलगी अकरावीत आहे, उंची पाच फूट चार इंच, टीममध्ये सेटर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सेटरला लिफ्टर म्हणतात, तीच. ती लिहिते, "ताई, मी पुढच्या रांगेत आले की समोरची टीम मुद्दाम माझ्याच डोक्यावरून मारते. सर म्हणतात, तू ब्लॉकला जाऊच नकोस. जिल्ह्याची निवड दोन महिन्यांवर आलीय. ग्राउंडवर नेट आठवड्यातून तीनच दिवस लागतं. घरी काही करता येईल का? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो."

हे दुसऱ्या मजल्याचं तिने आवर्जून लिहिलंय, ते मला फार आवडलं. कारण खरा प्रश्न तिथेच आहे. घरी ब्लॉकची प्रॅक्टिस म्हटलं की सगळे भिंतीसमोर उभे राहून धपाधप उड्या मारायला लागतात. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू वर येतात. पाचव्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. आणि दोन आठवड्यांनी ग्राउंडवर ब्लॉक जिथे होता तिथेच असतो.

तर तुला उत्तर हे, की घरी करता येतं आणि भरपूर करता येतं. पण उड्या नाही. उडी हा ब्लॉकचा शेवटचा भाग आहे. त्याच्या आधी डोळे असतात, पाय असतात, हात असतात, आणि या तिन्हीला ना बॉल लागतो ना नेट.

आधी उंचीचा विषय संपवून टाकू, म्हणजे मनातून जाईल. मुलींचं नेट २.२४ मीटरवर असतं, पुरुषांचं २.४३ वर. पाच फूट चार इंच उंचीच्या मुलीने उभ्याने हात ताणला, तर बोटांची टोकं साधारण २.१० ते २.१५ मीटरपर्यंत पोचतात. माणसामाणसात फरक असतो, तू भिंतीवर पेन्सिलने खूण करून स्वतःचं माप काढ. आता त्यात तीस सेंटिमीटरची उडी धर. तीस म्हणजे काही फार नाही, शाळेच्या पट्टीएवढी. बोटं गेली २.४० ते २.४५ वर. म्हणजे जवळजवळ अख्खा पंजा नेटच्या वर. आणि बॉलचा व्यास किती? परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास एकवीसच्या आसपास. एका बॉलच्या रस्त्यात एक पंजा आडवा आला, की त्या बॉलला सरळ जाता येत नाही. रशियाच्या मुसेर्स्कीसारखी २.१८ मीटर उंची असेल तर गोष्टच वेगळी, त्याची मनगटं पाय न उचलताच नेटच्या वर असतात. आपल्याला तो व्हायचं नाहीये. समोरच्या मुलीचा सरळ, सोपा रस्ता बंद करायचाय.

आता दुसरं गणित, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. समज, समोरची मुलगी ताशी ७२ किलोमीटर वेगाने स्मॅश मारते. म्हणजे सेकंदाला २० मीटर. तिचा फटका आणि तुझे हात यांच्यात अंतर असतं जेमतेम एक मीटर. बॉलला ते कापायला लागतो एका सेकंदाचा विसावा भाग. आणि डोळ्याने बघून हात हलवायला माणसाला किती वेळ लागतो? साधारण एका सेकंदाचा पाचवा भाग. चौपट! फटका बसल्यावर "अरे, तिकडे आला" म्हणून हात तिकडे नेणं शक्यच नाही. हात आधीच तिथे पाहिजेत. म्हणजेच ब्लॉकरला फटक्याच्या आधी कळायला पाहिजे. उंच असूनही ज्यांचे ब्लॉक फुटतात ना, त्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकतं. हात उंच असतात, पण उशिरा आणि भलत्या ठिकाणी.

मग सुरुवात डोळ्यांपासून. आणि यासाठी लागतं ते यंत्र तुमच्या हातातच आहे.

मोबाइलवर एखादी मॅच लाव. प्राइम व्हॉलीबॉल लीगची लाव, जागतिक स्पर्धेतली लाव, तुमच्या तालुक्याच्या स्पर्धेची कुणीतरी काढलेली असेल तर सगळ्यात उत्तम. शक्यतो कॅमेरा कोर्टाच्या मागून असलेली शोध, बाजूच्या कॅमेऱ्यातून नेटवरचं नीट कळत नाही. आवाज बंद कर. कॉमेंटरी नको, ती आपल्याऐवजी विचार करते. आता पास सेटरकडे येतोय, बॉल तिच्या हाताला लागणार, तिथे पॉज. तोंडाने बोलायचं, मोठ्याने, बॉल कुठे जाणार. चार नंबर, मध्ये, की दोन नंबर. मग प्ले. बरोबर आलं तर वहीत एक काठी मारायची. रोज वीस बॉल, याला दहा मिनिटं पुरतात.

पहिल्या दिवशी वीसातले सात-आठ बरोबर येतील, कारण तो नुसता अंदाज असेल. मग हळूहळू तुला काय बघायचं ते कळायला लागेल. पहिली गोष्ट, पास कसा आलाय. पास नेटपासून तीन मीटर लांब, अटॅक लाइनच्या मागे पडला, तर मधल्या खेळाडूला झटपट बॉल देणं फार अवघड होतं. मग सेटरकडे उरतं काय? बाहेरचा उंच बॉल. म्हणजे खराब पास दिसला की अर्धं उत्तर मिळालं. दुसरी गोष्ट, बॉल सेटरच्या कपाळासमोर आहे की डोक्याच्या मागे सरकलाय. डोक्यावर किंवा मागे गेला आणि पाठीची कमान दिसली, की बहुधा बॉल मागे जाणार. तिसरी, सेटरचे पाय. धावत, एका पायावर, कशीबशी पोचली असेल तर ती हुशारी करण्याच्या परिस्थितीत नसते, समोर उंच बॉल देते. तू स्वतः सेटर आहेस, त्यामुळे यातलं निम्मं तुला आतून माहीत आहे. तुझी उंची कमी असेल, पण समोरच्या सेटरच्या मनात काय चाललंय हे टीममध्ये तुझ्याइतकं कुणाला कळणार?

यापुढचा भाग जास्त अवघड आहे. सेट झाला की बॉलवरून नजर काढायची. काढायचीच! सगळे इथे अडकतात, कारण लहानपणापासून आपल्याला "बॉलकडे बघ" हेच शिकवलेलं असतं. ब्लॉकरची नजर चार ठिकाणी जाते: पासचा बॉल, मग सेटर, मग सेट झालेला बॉल एक क्षणभर, आणि मग स्मॅश मारणारी मुलगी. शेवटी बॉल नाही, मुलगी. ती कोणत्या दिशेने धावत येतेय, तिचा खांदा कुठे वळलाय, यावरून बॉल कुठे येणार ते कळतं. याचा सराव कसा? सेट झाला की मोबाइलच्या स्क्रीनवर बॉलवरच अंगठा ठेव. बॉल दिसलाच नाही पाहिजे. फक्त मारणारीकडे बघ आणि सांग, लाइन की क्रॉस. वेडेपणा वाटेल, पण दोन आठवडे करून बघ.

'हायक्यू' बघणाऱ्यांना आता त्सुकिशिमा आठवला असेल. बरोबर आहे, तो जे करतो त्याला रीड ब्लॉक म्हणतात. आधीच ठरवून उडी मारायची नाही. सेट बघायचा आणि मग जायचं. उलट, मधल्या झटपट बॉलसाठी कधीकधी ठरवूनच उडी मारावी लागते, त्याला कमिट ब्लॉक म्हणतात. पण ते मधल्या ब्लॉकरचं दुखणं, आज त्यात शिरत नाही.

आता पाय. पुढच्या रांगेतल्या सेटरला बहुतेक टीम उजवीकडे, दोन नंबरला ठेवतात. तिच्यासमोर येतो विरुद्ध टीमचा चार नंबर. आणि सगळ्यात जास्त उंच बॉल कुठे जातात? चार नंबरलाच. म्हणजे टीममधली बहुतेकदा सगळ्यात बुटकी मुलगी समोरच्या सगळ्यात भारी स्मॅशरपुढे उभी. अन्याय आहे, पण खेळाची रचनाच तशी झालीय. यात तुझं काम एकटीने भिंत व्हायचं नाही. मधली ब्लॉकर धावत तुझ्याकडे येणार आहे आणि तू जिथे उभी असशील तिथेच ती तुला चिकटणार आहे. तू अर्धा मीटर चुकलीस तर दोघी चुकता. तू बरोबर उभी राहिलीस तर उंची ती आणते. तुझी जागा म्हणजे ब्लॉकचा खुंटा.

कुठे उभं राहायचं? मारणारीच्या नाकासमोर नाही. तिच्या मारणाऱ्या हाताच्या खांद्यासमोर. उजव्या हाताची मुलगी आणि डावरी यांत इथे चांगला वीतभर फरक पडतो.

घरी याची प्रॅक्टिस फरशीवर. आपल्या घरातल्या फरश्या बहुधा दोन फुटांच्या असतात. एकदा मोजून घे. चाळीत राहणाऱ्यांना तर लांबलचक गॅलरी म्हणजे आयतं नेट, फक्त शेजाऱ्यांच्या बादल्या आणि तुळशीची कुंडी सांभाळा. भिंतीकडे तोंड करायचं, एक हात सोडून उभं राहायचं, गुडघे थोडे वाकलेले, पंजे चेहऱ्यासमोर. एक-दोन फरश्या सरकायचं असेल तर साधं शफल, पाय पायाला न लावता. तीन-चार फरश्या जायचं असेल तर क्रॉस स्टेप. उजवीकडे जाताना उजवा पाय मोठा टाकायचा, मग डावा त्याच्या पुढून ओलांडायचा, मग उजवा परत बाजूला आणून दोन्ही पाय भिंतीकडे वळवायचे. उजवा, डावा, उजवा. ताल बघ कसा आहे: एक... दोन-तीन. पहिलं पाऊल मोठं, पुढची दोन झटकन. शेवटच्या दोन पावलांत ब्रेक लागला पाहिजे, कारण ब्रेक न लागता उडी मारली की माणूस हवेत बाजूला वाहत जातो. मग स्वतःच्याच मधल्या ब्लॉकरवर आदळतो, किंवा दोघींमधली फट बॉलला देऊन बसतो.

आणि इथे उडी नाही. शेवटच्या पावलावर खाली बसकण, हात वर, थांब. पाय जिथे थांबले तिथली फरशी बघ. ठरवलेल्याच फरशीवर आहेस का? दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे. अनवाणी किंवा बूट घालून. मोजे घालून नाही, व्हिट्रिफाइड फरशीवर मोज्यांनी डोकं फुटेल. आणि चाचणी अशी, की खालच्या काकूंना पत्ता लागता कामा नये. गंमत म्हणून नाही सांगत. पाऊल वाजलं म्हणजे ते आदळलं, आणि आदळलेल्या पावलातून परत लवकर निघता येत नाही.

हातांसाठी मात्र मला घरातली सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. ती कपाळाच्या उंचीवर बांध, दोन खिळ्यांत, दाराच्या चौकटीत, कुठेही. त्यावर चार-पाच चिमटे लाव. हे तुझं नेट. आता उडी न मारता ब्लॉकचे हात पूर्ण करता येतात. पंजे चेहऱ्यासमोर, तिथून सरळ वर आणि दोरीच्या पलीकडे पुढे. हात खाली नेऊन झोका देऊन वर आणलेस तर चिमटे हलतील. चिमटा हलला की नेट टच, पॉइंट समोरच्याला. खांदे कानांना लागेपर्यंत वर उचल, बोटं पसरलेली आणि ताठ, अंगठे वर. दोन हातांमधली फट बॉलपेक्षा कमी. आणि हात नुसते वर नकोत, पलीकडे हवेत. हात आपल्याच बाजूला राहिले की बॉल हाताला लागून आपल्या छातीच्या आणि नेटच्या मधून खाली पडतो. तो बॉल कुणालाही उचलता येत नाही. पलीकडे हात नेणं नियमात बसतं का, असं बरेच जण विचारतात. ब्लॉकमध्ये बसतं, फक्त समोरच्यांनी स्मॅश मारायच्या आधी त्यांच्या बाजूला त्यांच्या बॉलला हात लावायचा नाही.

बाहेरच्या हाताचं एक वेगळं आहे. तू उजवीकडच्या टोकाला आहेस, तर तुझा उजवा पंजा थोडा आत, कोर्टाकडे वळलेला पाहिजे. तो सरळ ठेवलास तर हुशार स्मॅशर मुद्दाम त्याच्यावर मारून बॉल बाहेर घालवते. भाऊ-बहीण कुणी मोकळं असेल तर दोरीच्या पलीकडे उभं कर आणि मोज्यांचा गोळा फेकायला सांग, कधी सरळ, कधी बाहेरच्या हातावर. काम एकच, गोळा पलीकडे खाली पडला पाहिजे. अंगठी, बांगड्या काढून, नखं कापून. ब्लॉकमध्ये बोटं मुरगळतात ती बहुतेक वेळा ढिली ठेवल्यामुळे किंवा बॉलकडे टोकं करून ठेवल्यामुळे, म्हणून ताठ बोटांची सवय मोज्यांवर लागलेली बरी.

आता तुझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट. प्रत्येक ब्लॉक खाली आपटायचा नसतो. हात पलीकडे जात नाहीत असं वाटलं, उशीर झाला, समोरची फारच उंच आहे, तर पंजे मागे झुकव. तळवे आभाळाकडे. बॉल हाताला लागून वर उडेल, आपल्याच कोर्टात, वेग मेलेला. याला सॉफ्ट ब्लॉक म्हणतात. आणि नियम काय सांगतो? इनडोअर व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत धरत नाहीत. म्हणजे तुझ्या हाताला लागल्यावरही टीमकडे पूर्ण तीन टच शिल्लक! शिवाय ब्लॉक करणाऱ्या खेळाडूलाच पहिला टच घेता येतो. स्कोअरशीटवर हा ब्लॉक दिसत नाही, टाळ्याही मिळत नाहीत, पण मागे उभ्या असलेल्या लिबेरोला विचार तिला काय वाटतं ते. तेव्हा हाताला लागलं की जोरात "टच!" ओरडायचं, म्हणजे मागच्यांना कळतं. घरी मोज्यांचा गोळा जोरात फेकून घे आणि तो असा वर उडव की तुझा तुलाच झेलता आला पाहिजे. हे खाली आपटण्यापेक्षा अवघड आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

उडी ग्राउंडवर, मातीवर, त्या तीन दिवसांत. गच्चीवर नको. तिथे सिमेंट असतं आणि कठडे कमी उंचीचे असतात. आणि हॉलमध्ये हात वर करून उडी म्हणजे वर पंखा आहे हे लक्षात असू दे. सहा-सहा उड्यांचे तीन सेट पुरे, पण प्रत्येक उडी दोन्ही पायांवर, गुडघे वाकवत उतरलेली आणि जिथून उडाली तिथेच उतरलेली. वेळेबद्दल एकच सांगते. जिची उडी लहान, तिने उशिरा उडायचं. तीस सेंटिमीटरच्या उडीत माणूस हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो. समोरची पन्नास सेंटिमीटर उडत असेल तर ती त्याहून जास्त वेळ वर राहते. तिच्यासोबत उडालीस तर ती मारेल तेव्हा तू खाली येत असशील. तिचे पाय सुटलेले बघ, मग उड. बॉल नेटपासून लांब असेल तर आणखी क्षणभर थांब. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं आणि दोन-चार दिवसांत थांबलं नाही, तर उड्या बंद आणि डॉक्टर. "सहन कर" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि तुझे सर. ते पूर्ण चुकीचं सांगत नाहीयेत, हेही बोललं पाहिजे. सेट नेटपासून दोन-अडीच मीटर लांब गेला, किंवा समोरच्यांना नुसता बॉल ढकलायचाय असं दिसलं, तर ब्लॉकला न जाणंच बरोबर. दोन पावलं मागे ये आणि डिफेन्सला थांब. चांगले ब्लॉकर असे कितीतरी बॉल सोडतात. पण "कोणत्या बॉलला जायचं नाही" हे एक कौशल्य आहे, आणि "कधीच जाऊ नकोस" हे तुझ्या जागी मोठं भगदाड ठेवणं आहे. वाद घालू नकोस. तीन आठवडे हे सगळं कर, मग सरांना सांग, "प्रॅक्टिसमध्ये चार नंबरचे वीस बॉल मला ब्लॉक करू द्या आणि पॉइंट नाही, टच मोजा." किती बॉल हाताला लागले आणि त्यातले किती आपल्या टीमला उचलता आले. आकडा वहीत लिही. आठ दिवसांनी परत वीस. निवडीच्या वेळी सरांपुढे हा आकडा असू दे, मग तुझ्या उंचीबद्दल काय बोलायचं ते त्यांना ठरवू दे.

कुणाला आपला व्हिडिओ मला दाखवायचा असेल तर खुशाल पाठवा, मी बघते. फक्त समोरून काढू नका, त्यात काहीच कळत नाही. एक बाजूने, म्हणजे हात दोरीच्या पलीकडे किती जातायत ते दिसेल. एक मागून, म्हणजे उतरताना गुडघे आत पडतायत का ते दिसेल. स्लो मोशनमध्ये, मोबाइल कमरेच्या उंचीवर, कुणाच्या हातात न देता डब्याला टेकवून ठेवा. आणि चिमटे लावायला विसरू नका, ते हलले की मला इथून दिसतं.